आजोबांच्या निधनवार्तेतल्या दुरुस्त्या

घिवली,
रविवार, दुपारचे सव्वातीन (वेळ घड्याळात बघून लिहिली आहे)

तीर्थरूप विपुलमामा यांना भाची हेतल हिचा वाकून नमस्कार.

तुम्ही, रूपलमामी आणि दोन्ही पोरं सुखरूप असाल अशी आशा करते. मामींचा गुडघा आता कसा आहे? अंकलेश्वरला इतकी वर्षं काढूनही त्यांना सुके बोंबील आपल्याच किनाऱ्यावरचे लागतात असं कळलं, ऐकून फार बरं वाटलं. (कोणाकडून कळलं ते विचारू नका. माहिती देणाऱ्याचं नाव फोडायचं नसतं, हे आम्हाला कोर्सच्या पहिल्याच महिन्यात शिकवलं आहे.) तुमची नाइट शिफ्ट बंद झाली म्हणे. छान झालं, झोप तरी मिळेल.

आता मुद्द्याचं. आमच्या स्नेहा मॅडम म्हणतात की सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पहिल्या वाक्यात आली पाहिजे, त्याला आमच्याकडे इंट्रो म्हणतात. तर इंट्रो असा, की आजोबा जिवंत आहेत. तुम्हाला कोणी मोबाईलवर वर्तमानपत्राच्या कात्रणाचा फोटो पाठवला असेल तर तो खोटा समजा. म्हणजे फोटो खरा आहे, बातमी खोटी आहे, आणि ती खोटी बातमी तुमच्या सख्ख्या भाचीनं लिहिली आहे. हे फोनवरच सांगितलं असतं, पण सहा वर्षांत तुम्ही आमच्यापैकी कोणाचाच फोन उचललेला नाही, म्हणून तुमच्या कंपनीच्या गेटवर हे पत्र पाठवते आहे. यात माझं काही मागणं नाही. तुम्ही यावं असंही माझं म्हणणं नाही, निव्वळ माहितीसाठी लिहिते आहे.

मामा, मी पालघरला कॉलेजात पत्रकारिता शिकते हे तुम्हाला माहीत नसेल. मला वाटायचं, बातमी म्हणजे काय, झालं ते सांगायचं, त्यात शिकायचं काय? आपल्या गावात तर हे सगळ्यांना जन्मतःच येतं. पण कसलं काय! पहिल्या दिवशी मॅडमनी फळ्यावर कोण, काय, कधी, कुठे, का, कसे असे सहा शब्द लिहिले आणि म्हणाल्या, तुमच्या घरात काल काय घडलं ते या सहांत सांगा. मी चार पानं लिहिली आणि त्यातला एकही शब्द धड सापडेना! मॅडम वीस वर्षं बातमीदारी करून आलेल्या आहेत. बोलतात हळू, चप्पल साधी, पिशवी कापडी, आणि एकच प्रश्न विचारतात, "तुला कसं माहीत?" आवाज चढवत नाहीत, रागावत नाहीत. पण तो प्रश्न आला की अख्खा वर्ग आपापल्या वहीत डोकं घालतो.

माझी पहिली बातमी होती की वाणगावच्या बाजारात मिरचीला मागणी वाढली. मॅडमनी विचारलं, तुला कसं माहीत? मी म्हटलं, स्टेशनच्या पुलावरून बघितलं, गर्दी होती. किती विक्रेत्यांशी बोललीस? एकाशीही नाही. मग परत गेले, उन्हात अकरा जणांना विचारलं. त्यातल्या सात जणांनी मागणी पडल्याचं सांगितलं, तिघांनी मलाच मिरची विकली आणि एकानं लग्नाचं विचारलं. गर्दी कसली होती? कोणाची तरी बकरी हरवली होती! मामा, तुम्हाला हसू येईल, पण मी त्या पुलाखाली उभी राहून थक्क झाले होते. डोळ्यांनी बघितलेलंसुद्धा खोटं असू शकतं आणि नुसतं विचारलं की खरं बाहेर येतं, हे मला एकोणीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. पुढं कोळगावला जिल्हा मुख्यालयात पाणीटंचाईच्या बैठकीला पाठवलं, तिथल्या इमारती बघूनच मी हरखले आणि दोन तास चुकीच्या दालनात बसून कोंबड्यांच्या लसीकरणावर सुंदर टिपणं काढली. (लस टोचल्यावर कोंबडी दोन दिवस रुसते. हे मी दोन अधिकाऱ्यांकडून पडताळून घेतलं आहे.)

पण विचारायचं कसं हे शिकून झालं तरी काही ठिकाणी विचारायचंच नसतं, असं आपल्या गावाचं शिक्षण आहे, आणि ते कॉलेजच्या आधीपासून चालू आहे. तुम्हाला ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. आपल्याकडे कोणी गेलं की फोनवर ते सांगत नाहीत. शेजारच्या वाडीतली रखमाकाकी फोन करते, इकडचं तिकडचं बोलते, "जरा बरं नाय" म्हणते आणि ठेवता ठेवता म्हणते, "जेवून निघ हां." तेवढंच. ज्या घरात माणूस गेलंय त्या घरात चूल पेटत नाही, म्हणून येणाऱ्यानं जेवून यायचं. ऐकणाऱ्यानं काय ते समजायचं, पण "गेले का?" असं उलट विचारायचं नाही. अभद्र दिसतं ते. निदान नऊ फोन तरी मी रखमाकाकीला असे करताना ऐकलं आहे, आणि नऊच्या नऊ खरे होते.

त्यातला एक तुम्हाला होता. आजीच्या वेळी. तुम्ही तेव्हा अंकलेश्वरला नवीन, हे इशारे विसरलेले. तुम्ही खरंच जेवून, सावकाश, पॅसेंजरनं आलात, हातात आजारी माणसासाठी मोसंबीची पिशवी घेऊन, आणि दारात उभे राहिलात तेव्हा आजीला नेऊन दीड तास झाला होता. मी तेरा वर्षांची होते, ती मोसंबी ओटीवरून घरंगळत गेलेली मला आठवते. खरं का नाही सांगितलं, एवढंच तुम्ही आजोबांना विचारलंत, त्यांनी उत्तर दिलं नाही, आणि तेराव्यानंतर तुम्ही परत आला नाहीत. मी तेव्हाचं आता विचारून घेतलं. फोनवर खरं सांगू नका असं आजोबांनीच सांगितलं होतं. पोरगा गाडीत एकटा असेल, ऐकून त्याला वाटेत काय झालं तर, असं ते म्हणाले होते. ही माहिती आईनं दिली आणि रखमाकाकीला वेगळं विचारल्यावर तिनंही तीच दिली. बरोबर केलं असं मी म्हणत नाही, दोघींनी जे सांगितलं ते लिहिते आहे.

आता शुक्रवारचं. आमच्या कॉलेजचं चार पानी पाक्षिक निघतं, तीनशे प्रती, पालघर, बोईसर आणि आसपासच्या ग्रामपंचायतींत वाटतात. दुपारी साडेबाराला पानं छापखान्यात जायची होती. मितेश (माझ्या वर्गातला, पान लावण्यात वाकबगार, बाकी सगळ्यात कच्चा) संगणकावर बसला होता आणि तिसऱ्या पानाच्या तळाला चार बोटं जागा रिकामी राहिली होती. तेवढ्यात रखमाकाकीचा फोन. वाडीतल्या जामांच्या झाडांना कीड लागली, हवेत उकाडा फार, आणि तुझ्या आजोबांना सकाळपासून जरा बरं नाय. आणि मग, "तू जेवून निघ हां, बाय." मी लगेच घरी फोन लावले. आईचा फोन बंद, बाबांचा बंद. मी रडायला लागले. आणि रडता रडता समोर ती चार बोटं जागा दिसत होती. मला वाटलं, या माणसानं मला खांद्यावर बसवून वाडी दाखवली, त्याच्यासाठी मी दुसरं काय करू शकते? तिथंच बसून लिहिलं. मॅडम छापखान्याशी फोनवर होत्या. मितेशनं त्यांच्या कानात सांगितलं की हेतलचे आजोबा गेले, तिनं स्वतःच निधनवार्ता दिली आहे. घरच्याच माणसानं दिलेली! आख्ख्या वर्षात मॅडमनी तो प्रश्न फक्त तेव्हाच विचारला नाही, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, जा.

बातमी अशी होती: "घिवली येथील ज्येष्ठ शेतकरी विश्राम गोविंद सावे (वय ८१) यांचे शुक्रवारी अल्पशा आजाराने निधन झाले. ते प्रेमळ व मनमिळाऊ स्वभावाचे होते. त्यांच्या पश्चात कन्या, जावई, नात असा परिवार आहे." इंट्रो उत्तम साधला होता, हे आजही म्हणेन.

मग पालघर स्टेशनबाहेर मी रीत म्हणून जेवले. डोळ्यांतून पाणी आणि तोंडात वडापाव. एकानं रीत पुरी होत नाही असं वाटून दुसरा घेतला. बोईसरला उतरून टमटम केली. घरी पोचले तर दारात चपला नाहीत, माणसं नाहीत, दाराला कुलूप. म्हणजे नेलं! मी तशीच धावत समुद्राकडच्या स्मशानात गेले. तिथं स्मशानाची देखभाल करणारा बुधा सुक्या फांद्या तोडत होता, दुसरं चिटपाखरू नव्हतं. मी धापा टाकत विचारलं, आणलं का? तो कोयता खाली ठेवून म्हणाला, "कोनाला आनायचा हाय?" इतक्या आदरानं विचारलं बिचाऱ्यानं, की मला आणखी रडू आलं.

रखमाकाकी मला तिथं शोधत आली. आजोबांच्या छातीत दुखायला लागलं म्हणून आईबाबा त्यांना बोईसरच्या दवाखान्यात घेऊन गेले होते, तिथं आतल्या खोलीत फोन चालत नाहीत, आणि घराची चावी आईच्या कमरेला. "घर बंद, तू येऊन काय खाशील? म्हनून बोलली जेवून निघ," काकी म्हणाली. नऊ वेळा जे बोलली, तेच दहाव्यांदा बोलली, आणि दहाव्यांदा तिला खरोखर माझ्या पोटाची काळजी होती. एक प्रश्न, मामा! "काकी, आजोबा आहेत ना?" एवढे चार शब्द. वाणगावात मिरचीसाठी अकरा जणांना विचारणारी मी, आजोबांसाठी एकीलाही विचारलं नाही.

दवाखान्यात पोचले तेव्हा आजोबा उशीला टेकून बसले होते आणि पेजेत मीठ का नाही यावरून नर्सबाईंशी भांडत होते. मामा, ज्यांच्या नावापुढं मी निधन लिहिलं ते मीठ मागत होते! मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. त्यांना वाटलं परीक्षेत नापास झाले. त्यानंतर तिसरं पान आठवलं आणि मी बाहेर जाऊन मितेशला फोन लावला. तो आनंदानं म्हणाला, छापून झालं, झकास दिसतंय.

शनिवारी सकाळी मॅडम, मितेश आणि अख्खा वर्ग प्रती परत गोळा करत पालघरभर फिरला. पण आपल्या बाजूचा गठ्ठा पोचला होता. चिकू बागायतदारांच्या सोसायटीत दोन मिनिटं शांतता पाळली गेली. (पाळून झाल्यावर कोणीतरी म्हणालं की विश्रामभाऊ असते तर एवढा वेळ गप्प बसले नसते.) एक जण दवाखान्यातच हार घेऊन आला, आजोबांना बघून दारात थिजला आणि शेवटी तो हार भिंतीवरच्या गणपतीच्या तसबिरीला घालून गेला. शेजारच्या कॉटवर एमआयडीसीतला एक कामगार आहे, त्यानं पेपर हातात घेऊन आजोबांना सांगितलं, "चाचा, आप तो कल ही गुजर गए!" झालं. आता लपवायला काही उरलं नाही. आजोबांनी हात पुढं केला आणि म्हणाले, "आन इकडं."

त्यांनी त्याचाच चष्मा लावला आणि एकेका शब्दावर बोट ठेवत ती बातमी तीनदा वाचली. मी कॉटच्या पायथ्याशी उभी, जीव मुठीत धरून. डॉक्टरांनी सांगितलं होतं की धक्का बसेल असं काही त्यांच्यासमोर बोलू नका. आणि आजोबांनी काय केलं माहीत आहे? पेन मागितलं! आधी वयावर काट मारली. "एकोनऐंशी. दोन वर्सं कशाला वाढवलीस?" मग शेतकरी खोडून बागायतदार केलं. मग मनमिळाऊवर थांबले आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "मी मनमिळाऊ हाय हे कोनी सांगितलं तुला?" मामा, तोच प्रश्न! ज्यासाठी मॅडमनी वीस वर्षं घासली, तो चौथी शिकलेल्या माणसानं दवाखान्याच्या कॉटवरून विचारला. मी म्हटलं, आजोबा, सगळ्यांच्याच बातमीत तसं लिहितात. तर म्हणाले, मग सगळ्यांचीच चुकलीय. आणि अल्पशा आजारावर मोठी काट मारून म्हणाले, "अल्पसा? सहा वर्सं दुखतंय." हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. आईनं तोंड फिरवलं. शेवटच्या ओळीवरही त्यांनी बोट ठेवलं, मग कागद उशीखाली ठेवला आणि पडून राहिले.

दुपारी मॅडम आल्या. मला वाटलं कॉलेजातून नाव कमी झाल्याचं सांगायला आल्या. त्यांनी आजोबांसमोर हात जोडले आणि म्हणाल्या, चूक माझी आहे, मी विचारायला हवं होतं. मला बाजूला सारून! इतकी मोठी बाई, इतक्या सरळ शब्दांत, चारजण बघत असताना चूक कबूल करते हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. आपल्याकडे कोणी करतं का, सांगा? आजोबा गडबडून गेले आणि बसा बसा म्हणत त्यांना आपली बिनमिठाची पेज देऊ लागले. जाताना मॅडम मला म्हणाल्या की पुढच्या अंकात त्याच पानावर, त्याच जागी, माझ्या नावानं दुरुस्ती छापायची. पंधरवड्यानं शुक्रवारी दुपारी पुढची पानं जातात, त्याआधी एकूणएक शब्द पडताळलेला हवा. तसं झालं नाही तर या सत्रात माझी बातमीदारी बंद.

असं सगळं झालं. आमच्याकडचं बाकी ठीक, कीड लागूनही वाडीत जाम पुष्कळ आलेत, काळजी नसावी. मामींना नमस्कार, पोरांना गोड पापा. वेळ मिळाला तर उत्तर पाठवा, न पाठवलंत तरी मनाला लावून घेणार नाही.

तुमची,
हेतल

ता. क. : डॉक्टरांना मी स्वतः विचारलं, लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. आजोबांचं हृदय एक तृतीयांशच काम करतं आहे. किती दिवस ते सांगता येणार नाही, वर्ष निघेल किंवा आठवडाही निघणार नाही, असं ते म्हणाले. यातलं मी काहीही सौम्य केलेलं नाही. या वेळी तुम्हाला कोणी तरी खरं सांगायला हवं होतं.

ता. क. २ : माझं काही मागणं नाही असं वर लिहिलं ते खोटं आहे, खोडायला जागा नाही म्हणून ठेवलं. शेवटच्या ओळीबद्दलही पूर्ण लिहिलं नाही. कन्या, जावई, नात यावर बोट ठेवून आजोबा म्हणाले, "आनी विपुल?" मी म्हटलं, आजोबा, तुम्हीच सहा वर्षं घरात त्याचं नाव घेत नाही, म्हणून मीही घातलं नाही. तर म्हणाले, "नाव घेत नाय म्हंजे पोरगा नाय, असं कोनी सांगितलं तुला?" आणि कन्या या शब्दाच्या आधी "पुत्र विपुल" असं लिहिलं. बाकीच्या काटा बघून मला हसू येतं. हे दोन शब्द मला कालपासून वाचवत नाहीत.

ता. क. ३ : दुरुस्ती मॅडमना दाखवली. त्या म्हणाल्या, विपुल सावे हयात आहेत, तर त्यांना स्वतःला विचारल्याशिवाय छापता येणार नाही. समोरासमोर विचारायला हवं. (समोरासमोर हे मॅडम म्हणाल्या नाहीत, ते माझं आहे. फोन चालला असता.) म्हणून बातमीदार या नात्यानं विचारते, तुम्ही विश्राम गोविंद सावे यांचे पुत्र आहात, हे खरं आहे का? उत्तर मला नको. बोईसर, स्टेशनच्या पूर्वेचा दवाखाना, पहिला मजला, कॉट नंबर सहा. भेटायची वेळ चार ते सहा, आणि तेव्हा ते दाराकडे तोंड करून बसलेले असतात.